पहिले पंधरा दिवस आणि शेवटची बस

कॉलेजात नव्याने पाऊल टाकणाऱ्या विद्यार्थ्याला पहिल्या पंधरवड्यात दोन प्रश्न हमखास विचारले जातात. पहिला, "दहावीपर्यंत मीडियम कुठलं?" आणि दुसरा, "शनिवारी येणार ना?" पहिल्या प्रश्नावर बोलणारे पुष्कळ आहेत. मी आज दुसऱ्या प्रश्नाविषयी चार शब्द लिहिणार आहे.

शनिवारी कुठे, हे गावागावावर अवलंबून असते. आपल्या बेळगावात एखाद्या हॉटेलच्या गच्चीवर. खिसा जड असेल तर चोर्ला घाट उतरून गोव्यात. पुणे-इंदूरसारख्या शहरांत पबमध्ये. ठिकाणे निराळी, पण समजूत एकच. ती अशी की, एकदा तरी दिव्यांच्या लखलखाटात, कानठळ्या बसवणाऱ्या संगीतात मध्यरात्र झाल्याशिवाय कॉलेजजीवनाचा श्रीगणेशा होत नाही. या समजुतीला माझा विरोध आहे. पण तो नीतीच्या नावाने नाही, हिशेबाच्या नावाने आहे. वाणिज्य शाखेचा विद्यार्थी दुसरे काय करणार?

हे आधीच स्पष्ट करण्याचे कारण आहे. 24 जानेवारी 2009 रोजी आपल्याच राज्यात, मंगळूरमध्ये, पबात गेलेल्या तरुणींना संस्कृतिरक्षणाच्या नावाखाली मारहाण झाली. तेव्हा मी अगदी लहान होतो. पण 'पब नको' असे म्हणणाऱ्या माणसाकडे आजही लोक त्या दृष्टीने पाहतात, आणि त्यात त्यांची चूक नाही. ज्याला जायचे त्याने खुशाल जावे. माझा प्रश्न जाणाऱ्यांविषयी नाही. जो जाऊ शकत नाही त्याचे काय, एवढाच माझा प्रश्न आहे.

हा प्रश्न मला सुचला तो बेळगावात नव्हे, तर मध्य प्रदेशातील मानपूर या गावी. माझी मावशी तेथे असते. काकांची बदली झाल्यापासून त्यांचे बिऱ्हाड इंदूरहून तिथे हलले आहे. मानपूर हे इंदूर जिल्ह्यातले, आग्रा-मुंबई रस्त्यावरचे गाव. इंदूरहून महू ओलांडून सुमारे 45 किलोमीटर दक्षिणेला गेले की ते लागते, आणि त्याच्या पुढे रस्ता विंध्याचा घाट उतरून नर्मदेच्या खोऱ्यात जातो. गेल्या पावसाळ्यात आमचे सेमिस्टर सुरू होण्यापूर्वी मी तीन आठवडे तिथे होतो. नेमके त्याच वेळी माझ्या मावसभावाने इंदूरच्या एका कॉलेजात बी.कॉम.ला प्रवेश घेतला होता. त्याचे पहिले दिवस मी जवळून पाहिले.

त्याचा दिवस बसने उगवायचा आणि बसनेच मावळायचा. तिकडे अशा विद्यार्थ्यांना 'अप-डाउनवाले' म्हणतात. मध्य प्रदेशात राज्य परिवहन महामंडळाची गाडी नाही. ते महामंडळ बंद करण्याचा निर्णय 2005 सालीच झाला. तेव्हापासून सगळी भिस्त खासगी बसवर. ती भरली की सुटणार, आणि रात्री प्रवासी कमी झाले की थांबणार. म्हणजे मानपूरच्या मुलाची संध्याकाळ घड्याळावर नाही, शेवटच्या बसवर संपते.

इंदूरच्या रात्रीवरून मध्यंतरी बराच वाद झाला. सप्टेंबर 2022 मध्ये तेथल्या बीआरटीएस रस्त्यालगतची दुकाने, कार्यालये व उपाहारगृहे चोवीस तास उघडी ठेवण्याची मुभा मिळाली. रात्री काम करणाऱ्या तरुणांची सोय आणि शहराची भरभराट होईल, असा त्यामागचा विचार होता. पुढे नशेत फिरणाऱ्यांच्या, भांडणांच्या तक्रारी वाढल्या आणि जुलै 2024 मध्ये ती मुभा काढून घेण्यात आली. एक बाजू म्हणाली, तरुणांचे स्वातंत्र्य गेले. दुसरी म्हणाली, शहराचे संस्कार वाचले. मानपूरच्या बसथांब्यावर उभे राहून पाहिले तर दोन्ही बाजू सारख्याच लांबच्या वाटतात. अप-डाउन करणाऱ्या मुलासाठी ती रात्र 2022 मध्ये उघडली नव्हती आणि 2024 मध्ये बंदही झाली नाही.

दुसऱ्याच आठवड्यात भावाच्या वर्गात 'फ्रेशर्स'ची टूम निघाली. जागा पब, वेळ रात्री नऊ. वर्गणी जवळजवळ त्याच्या महिन्याच्या बसभाड्याइतकी. आता हिशेब पाहा. खर्चाच्या बाजूला वर्गणी, परतीची बस नाही म्हणून भाड्याची गाडी किंवा कुणाच्या तरी घरी मुक्काम, आणि मावशीची झोपमोड. शिवाय कायद्याची एक बाब आहेच. मध्य प्रदेशात 21 वर्षांखालच्या व्यक्तीला मद्य विकता येत नाही, आणि पहिल्या वर्षाची मुले असतात सतरा-अठरा वर्षांची. म्हणजे एक तर लिंबूपाण्यावर रात्र काढायची, नाहीतर वयाबद्दल खोटे बोलून मैत्रीची सुरुवात करायची.

जमेच्या बाजूला काय? "ओळखी होतात," असे उत्तर मिळते. मी त्याला विचारले, "तिथे एकमेकांचं बोलणं ऐकू तरी येतं का?" तो हसला. माझ्या मते मुद्दा इथेच आहे.

आम्ही मातृभाषेच्या शाळेतून आलेली मुले पहिल्या दिवसांत कशाला घाबरतो? अभ्यासाला नाही. 'डेप्रिसिएशन' म्हणजे वर्तमानपत्रातला 'घसारा', हे चार दिवसांत उमगते. आम्ही घाबरतो ते बोलायला. वाक्य मनात आधी मराठीत जुळते, मग त्याचे इंग्रजी होते, आणि तोंडातून निघेपर्यंत विषय बदललेला असतो. अशा मुलाला हवा असतो एक शांत बाक, हातात चहा, आणि त्याचे अडखळते वाक्य पुरे होईपर्यंत थांबणारा एखादा सोबती. बोलणे बुडवून टाकणारी जागा ज्याला आधीच खूप मित्र आहेत त्याला ठीक आहे. ज्याला पहिला मित्र शोधायचा आहे त्याच्यासाठी तिच्याइतकी गैरसोयीची जागा नाही.

भाऊ त्या रात्री गेला नाही. त्याने रडगाणेही गाइले नाही. त्याने वर्गातल्या चार जणांना सांगितले, "रविवारी तुम्हीच आमच्याकडे या." तिघे इंदूरचे, एक बडवानीकडचा, वसतिगृहात राहणारा. सकाळच्या बसने ते मानपूरला उतरले आणि आम्ही सारे जानापावला गेलो.

जानापाव ही मानपूरजवळची टेकडी. परशुरामाचे जन्मस्थान म्हणून लोक तिथे जातात आणि दिवाळीनंतरच्या कार्तिकी पौर्णिमेला जत्रा भरते. चंबळ नदी इथूनच उगम पावते. पावसाळ्यात त्या माथ्यावर उभे राहिले की एक गंमत कळते. एका उतारावरचे पाणी चंबळेतून उत्तरेला यमुनेकडे जाते, दुसऱ्या उतारावरचे नर्मदेला मिळते. चंबळ म्हटल्यावर त्या इंदूरच्या मुलांना फक्त डाकूंचे सिनेमे आठवत होते. तीच नदी आपल्या जिल्ह्यातून निघते, हे पाहून ती चकित झाली. धुके, पाऊस, भाजलेली कणसे आणि मनसोक्त गप्पा. बडवानीचा मुलगा, जो वर्गात तोंड उघडत नव्हता म्हणे, तो त्या दिवशी सर्वांत जास्त बोलला. पिकांविषयी आणि डोंगरातल्या वाटांविषयी त्याला जे ठाऊक होते ते आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हते. दुपारी मावशीच्या हातची पिठलं-भाकरी खाऊन पाहुणे संध्याकाळच्या बसने परत गेले. खर्च झाला तो फक्त बसभाड्याचा.

यानंतर मी बेळगावला आलो. पण पुढची हकिकत भाऊ फोनवर सांगत असे. रविवारच्या त्या सोबत्यांनी त्याला इंदूर दाखवले. सकाळी पोहे-जिलबी, मधल्या तासाला राजवाडा आणि कृष्णपुऱ्याच्या छत्र्या, पावसात भुट्टे का कीस. सानंद न्यास इंदुरात मराठी नाटके आणतो. त्यातल्या एका नाटकाला तो दोन हिंदी भाषक मित्रांना घेऊन गेला आणि शेजारी बसून हळू आवाजात अर्थ सांगत राहिला. अनंत चतुर्दशीला तिथे कापड गिरण्यांच्या कामगारांची झांक्यांची मिरवणूक रात्रभर चालते. हुकुमचंद मिल 1991 मध्ये बंद पडली, इतर गिरण्यांचे भोंगेही थांबले, पण कामगारांनी झांक्या थांबवल्या नाहीत. त्या रात्री भाऊ मानपूरला परतला नाही. मित्राच्या आईनेच मावशीला फोन करून सांगितले, "आज इसको यहीं रहने दीजिए." सराफ्यात सोन्याचांदीची दुकाने मिटल्यावर जो खाऊबाजार भरतो, तोही त्याने त्याच रात्री पाहिला.

वाचकहो, यातला क्रम ध्यानात घ्या. रात्र त्यालाही मिळाली. पण ती मैत्रीनंतर मिळाली. आधी दिवसाउजेडी ओळख झाली, मग एका घराचा दरवाजा उघडला, आणि मग शेवटच्या बसची भीती राहिली नाही. पबच्या निमंत्रणात हा क्रम उलटा असतो. रात्र आधी परवडली पाहिजे, मैत्री मागून.

कोणी म्हणेल, हे सारे गावाकडच्या मुलाचे समाधान आहे. शहरातल्या मोकळ्या वातावरणात मुले-मुली बरोबरीने नाचतात, त्यातला आनंद तुला काय कळणार? नाचात आनंद आहे, हे मला मान्य आहे. गणपतीच्या मिरवणुकीत आपण नाचत नाही काय? मुलामुलींनी मोकळेपणाने एकत्र असावे, हेही मान्य. पण आपल्या वर्गातल्या किती मुलींना रात्री नऊनंतर बाहेर राहता येते? वसतिगृहाचे फाटक, घरची वाट पाहणारी माणसे आणि परतीचा अंधारा रस्ता, हे सारे विचारात घेतले तर त्या मोकळ्या वातावरणात प्रत्यक्षात पोहोचतात त्या चार-दोन जणीच. आपल्या राज्यात 11 जून 2023 पासून शक्ती योजनेखाली मुलींना सरकारी बसचा प्रवास मोफत झाला. त्यामुळे खानापूर, बैलहोंगलच्या मुलींना कॉलेज जवळ आले, ही फार चांगली गोष्ट झाली. पण मोफत बसलाही शेवटची फेरी असतेच. जो समारंभ शेवटच्या फेरीनंतर सुरू होतो तो त्यांच्यासाठी नाही, हे न सांगताच सांगितलेले असते.

आता आपल्याकडे येऊ. आमच्या पहिल्या वर्षाला खानापूर तालुक्यातला एक मुलगा होता. मागच्या बाकावर बसायचा आणि चारची बस पकडायचा. दुसऱ्या महिन्यात तो यायचा बंद झाला. त्याने कॉलेज का सोडले ते मला ठाऊक नाही, आणि शनिवारच्या पार्ट्यांमुळे सोडले असा आरोपही मी करत नाही. मला एवढेच ठाऊक आहे की, तो येत नाही हे वर्गाच्या लक्षात यायला आठ दिवस लागले. पहिल्या पंधरवड्यात ज्यांची टोळकी जमली त्यांच्यातला कोणी एक दिवस गैरहजर राहिला तर दहा फोन जात. नोट्स, परीक्षेच्या सूचना, शिष्यवृत्तीच्या अर्जाची शेवटची तारीख, हे सारे टोळक्यांतूनच फिरते. म्हणून पहिल्या दिवसांतली मजा ही नुसती मजा नसते. कोण वर्गात धरला जाणार आणि कोण निसटणार, हे तिथे ठरत असते.

विद्यापीठ अनुदान आयोगाने 2019 मध्ये नव्या विद्यार्थ्यांसाठी 'दीक्षारंभ' नावाची मार्गदर्शिका काढली. नव्या मुलांनी रुळावे, एकमेकांशी व शिक्षकांशी त्यांची ओळख व्हावी, हाच तिचा हेतू. स्वागत म्हणजे दोन भाषणे आणि एक पुष्पगुच्छ एवढ्यावर ते थांबता कामा नये. माझ्या सूचना साध्या आहेत. स्वागतसमारंभ दुपारी दोनच्या आत संपावा, म्हणजे प्रत्येक बस सापडेल. वर्गणी नसावी, असलीच तर एका चहा-वड्याइतकी. वरच्या वर्गातल्या प्रत्येकाने तीन नव्या मुलांची नावे, गावे आणि बसची वेळ लक्षात ठेवावी. रविवारी येळ्ळूरचा राजहंसगड किंवा किल्ल्यातली कमल बसदी पाहायला पायी निघावे. आणि एखाद्या रविवारी शहरातल्या मुलांनी खेड्यातल्या मित्राच्या घरी जावे.

आणखी एक. आपल्या मासिकात मराठी आणि कन्नड विभाग शेजारी शेजारी असतात. वर्गात मात्र बाक वेगळे पडतात. मला पहिला कन्नड मित्र मिळाला तो जेवणाच्या सुट्टीत. त्याने "ऊट आयता?" असे विचारले. मी "आयतू" म्हणालो आणि डबा पुढे सरकवला. त्याने जवारीची भाकरी आणली होती, मी आंबोळी. आज तो मला अकाउंट्स समजावतो, मी त्याला मराठी वर्तमानपत्र वाचायला शिकवतो. त्या मैत्रीला प्रवेशमूल्य नव्हते.

तेव्हा नव्या मित्रांनो, "शनिवारी येणार ना?" असे कोणी विचारले तर जायचे की नाही ते तुम्ही ठरवा, न जाण्यात कमीपणा मानू नका. आणि जुन्या मित्रांनो, तुम्हाला माझी एकच विनंती आहे. तो प्रश्न विचारण्याआधी आणखी एक प्रश्न विचारत चला: "तुझी शेवटची बस किती वाजता?"