समानार्थतेचा आभास: स्पॅनिशचे पहिले शब्द आणि मराठी विद्यार्थी

समानार्थी शब्द ही कोशकाराची सोय आहे, भाषेचा स्वभाव नव्हे. हे तत्त्व भाषाविज्ञानाच्या वर्गात सर्वांना मान्य असते. परकीय भाषेच्या वर्गात मात्र त्याचा सोयीस्कर विसर पडतो. स्पॅनिश शिकू लागलेल्या मराठी विद्यार्थ्याच्या हाती बहुधा स्पॅनिश-इंग्रजी शब्दसूची पडते. तीत ‘प्रेगुन्तार’ आणि ‘पेदीर’ या दोन्ही क्रियापदांपुढे इंग्रजी ‘आस्क’ हा एकच प्रतिशब्द छापलेला असतो. मग दोहोंतील भेद तो नियम म्हणून घोकतो. वस्तुतः प्रश्न ‘विचारणे’ आणि पाणी ‘मागणे’ यांत मराठी मूलही गल्लत करीत नाही. जी अडचण मराठीला नाहीच, ती इंग्रजीकडून उसनी घेऊन सोडवीत बसण्याचा हा व्यापार आहे.

‘साबेर’ आणि ‘कोनोसेर’ यांचेही तसेच. इंग्रजीत दोहोंना एकच क्रियापद. मराठीत ‘माहीत असणे’ आणि ‘ओळखणे’. पत्ता माहीत असतो, माणूस ओळखीचा असतो. मात्र येथे मराठीची साथ शेवटपर्यंत पुरत नाही. एखाद्याला माद्रिद शहर परिचयाचे आहे हे सांगताना स्पॅनिश भाषक ‘कोनोसेर’ योजतो. मराठी माणूस ‘माद्रिद पाहिले आहे’ असे म्हणेल. उलट पोहण्याचे कौशल्य सांगताना स्पॅनिशला ‘साबेर’ लागते, तर मराठी ‘पोहता येते’ या निराळ्याच रचनेकडे वळते. मातृभाषेचा आधार घ्यावा तो असा, तिच्या मर्यादेसह.

पाण्यातला जिवंत मासा ‘पेस’ आणि पकडून खाण्यासाठी आणलेला ‘पेस्कादो’ हा भेद ‘मासा’ व ‘मासळी’ यांचा वापर जाणणाऱ्यास फारसा परका वाटू नये; ‘पेस्कादो’ हे मुळात ‘पकडलेला’ या अर्थाचे धातुसाधितच आहे.

खरी कसोटी लागते ती ‘सेर’ आणि ‘एस्तार’ यांपाशी. मराठीचे ‘आहे’ दोन्ही जागा भरून काढते, त्यामुळे पाठ्यपुस्तके ‘कायम’ आणि ‘तात्पुरते’ अशी विभागणी शिकवतात. ही विभागणी विद्यार्थ्याला पहिल्याच आठवड्यात दगा देते. माद्रिद स्पेनमध्ये आहे, ही काही तात्पुरती गोष्ट नाही. तरी तेथे ‘एस्तार’ लागते. मृत माणसासंबंधीही ‘एस्तार’च. ‘लिस्तो’ हे विशेषण ‘सेर’बरोबर आले तर माणूस हुशार ठरतो, ‘एस्तार’बरोबर आले तर तो तयार असतो. मराठीतील ‘आहे’ आणि ‘असतो’ यांच्या भेदाशी याची सांगड घालण्याचा मोह होतो. पण तो भेद प्रासंगिक आणि नित्य यांचा आहे, हा नव्हे. अशा जोड्यांवर अध्यापकाने वेळ खर्च करावा. ‘एम्पेसार’ आणि ‘कोमेन्सार’, दोन्ही ‘सुरू करणे’, यांच्यासारख्या जोड्यांवर तो खर्च करण्याचे प्रारंभी काहीच कारण नाही. त्यांतला कोणताही एक पुरेसा आहे.

सर्वांत अधिक वापरला जाणारा शब्द तेवढा शिकवावा, बाकीचे पुढे पाहता येतील, असा एक पक्ष आहे. तो व्यवहारी दिसतो, परंतु निर्धोक नाही. ‘घेणे’, ‘पकडणे’ या अर्थी स्पेनमध्ये सर्रास वापरले जाणारे ‘कोहेर’ हे क्रियापद मेक्सिको व अर्जेंटिना येथे अश्लील ठरते. तेथे ‘तोमार’ किंवा ‘आगार्रार’ म्हणावे लागते. वारंवारितेचा आकडा हे सांगत नाही.

मारिया मोलिनेर या ग्रंथपाल विदुषीने १९६६-६७ मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध केलेला स्पॅनिशच्या वापराचा कोश शब्दाबरोबर त्याचे नातलगही दाखवतो. मराठी विद्यार्थ्यासाठी याच धर्तीचा, पण अगदी लहान असा कोश हवा: दोनतीनशे नोंदी, प्रत्येक शब्दाजवळ त्याचा शेजारी, आणि दोहोंची एकेक वाक्ये मराठीच्या तुलनेत. स्पॅनिश साहित्य मराठीत पुष्कळदा इंग्रजीच्या वाटेने आले आहे. ती वाट बदलायची तर आरंभ इतक्या खालूनच करावा लागेल. लॅटिनमधील झोप आणि स्वप्न या अर्थांचे दोन शब्द स्पॅनिशमध्ये ‘सुएन्यो’ या एकाच रूपात मिसळले. संस्कृतातील ‘स्वप्न’ही दोन्ही अर्थ वाहत असे, मराठीने त्यांतला एकच राखला. काल्देरोनच्या १६३६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘ला विदा एस सुएन्यो’ या नाटकाच्या नावात ‘स्वप्न’ हवे. ‘तेंगो सुएन्यो’ म्हणणाऱ्या पात्राला मात्र केवळ झोप आलेली असते.