'छान होता' याच्या पुढे काय?

'मला आवडलेला चित्रपट' असा निबंध परीक्षेत आला, की चाळीस मुलांच्या चाळीस वह्यांत एकच निबंध सापडतो. चित्रपट छान होता. सर्वांचा अभिनय छान होता. गाणी छान होती. यातून आपल्याला असा बोध मिळतो की, मोठ्यांचे ऐकावे. संपला निबंध! चित्रपटाचं नाव तेवढं बदला, हाच निबंध कुठंही चालतो. एकच सदरा साऱ्या घरानं आळीपाळीनं घालावा, तसा.

आज आपण या निबंधाच्या पुढं जाऊ या. हिंगोली जिल्ह्यातल्या आमच्या गोरेगावात सातवीच्या मुलांनी यंदा वर्गात तीन मराठी चित्रपट पाहिले. खिडक्यांना चादरी बांधल्या, भिंतीवर पांढरं कापड ताणलं, झालं आमचं थेटर. प्रत्येकानं एक वही केली आणि चित्रपट पाहून जे वाटलं ते त्यात लिहिलं. त्यातली एका मुलाची वही आज तुमच्यापुढं उघडतो. "सर, नाव छापायचं नाही," या अटीवर त्यानं परवानगी दिली आहे. तेव्हा नाव विचारू नका, बरं का!

आधी चित्रपटांविषयी थोडं. त्यांना म्हणतात स्वतंत्र चित्रपट. मोठी कंपनी पाठीशी नाही, नावाजलेला नट नाही, परदेशात जाऊन केलेली गाणी नाहीत. एखाद्या माणसाला एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. मग तो पैसे जमवतो, मित्रांना गोळा करतो आणि चित्रपट काढतो. बंगालचे सत्यजित राय यांनी 'पथेर पांचाली' असाच काढला. नोकरी सांभाळून सुट्टीच्या दिवशी चित्रीकरण करायचं. पैसे संपले तेव्हा विम्यावर कर्ज काढलं, पत्नीचे दागिने गहाण पडले. शेवटी पश्चिम बंगाल सरकारनं पैसे दिले आणि १९५५ साली चित्रपट लोकांपुढं आला. आज तो जगभर नावाजला जातो.

आता वही उघडू.

पहिला चित्रपट होता 'श्वास'. संदीप सावंत यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट २००४ साली आला. आचार्य अत्रे यांच्या 'श्यामची आई'ला राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं होतं १९५४ साली. त्यानंतर सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मराठीला मिळायला पन्नास वर्षं लागली, आणि तो मिळवला 'श्वास'नं. कोकणातल्या एका खेड्यातला परशुराम हा लहान मुलगा. त्याच्या दोन्ही डोळ्यांना कर्करोग झालेला. ऑपरेशन केलं तर जीव वाचेल, पण दृष्टी जाईल. आणि ही गोष्ट ऑपरेशनच्या आधी त्या पोराला सांगायला हवी. कोण सांगणार? सोबत आहेत ते त्याचे आजोबा.

आमच्या मुलानं पहिल्या दिवशी लिहिलं, "चित्रपट छान होता. आजोबांचे काम छान होते." मी खाली लाल पेनानं एवढंच विचारलं, "डोळे मिटल्यावर काय दिसतं?" दुसऱ्या दिवशी वहीत हे होतं :

"मला आजोबांचा राग आला. खरं सांगून टाकायचं ना! मग वाटलं, त्यांना तरी कुठून शब्द सुचतील. घरी गेल्यावर मी डोळ्याला रुमाल बांधून फिरून पाहिलं. माठ सापडला, दार सापडलं, खाट सापडली. मग आईचं तोंड डोळ्यापुढं आणायला लागलो. नीट येईचना. रोज बघतो तरी येईना. रुमाल सोडला आणि आधी आईकडं पाहून आलो. आई म्हणाली, काऊन बघायलास असा?"

पाहिलंत? 'अभिनय छान होता' हे वाक्य कुणीही लिहील. रुमालाचं वाक्य मात्र फक्त त्यालाच लिहिता आलं असतं. ते त्याचं स्वतःचं होतं. चित्रपट संपल्यावर तो घरी घेऊन गेला होता, आणि घरातल्या वस्तूंना, माणसांना त्यानं तो लावून पाहिला होता.

दुसरा चित्रपट 'टिंग्या'. मंगेश हाडवळे यांचा, २००८ सालचा. जुन्नर भागातल्या शेतकऱ्याच्या घरातली गोष्ट. टिंग्याचं काम करणारा शरद गोयेकर हा खेड्यातलाच मुलगा. त्याला बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. टिंग्याचा जीव की प्राण असलेला बैल चितंग्या जायबंदी होतो. औताला चालेल अशी आशा उरत नाही. बापाच्या डोक्यावर कर्ज, पेरणी तोंडावर आलेली. बैल कसायाला विकायचं ठरतं. टिंग्या हटून बसतो. त्याची मैत्रीण रशिदा, तिच्या घरातली म्हातारी आजारी आहे, तिच्यासाठी मात्र सगळे धावपळ करतात. टिंग्याला प्रश्न पडतो : म्हातारं माणूस वाचवायचं, तर मग बैल का नाही?

मध्येच वीज गेली. अंधारात कुणीतरी नाक ओढल्याचा आवाज आला, पण हसलं कुणी नाही. वीज आली, चित्रपट संपला. वर्गातली बहुतेक मुलं टिंग्याच्या बाजूनं बोलायला लागली. आमचा हा मुलगा गप्प. त्याच्या वहीत पहिलंच वाक्य होतं, "मला हा पिक्चर आवडला नाही."

पुढं वाचा :

"सगळे टिंग्याकडं बघत होते. मी त्याच्या बापाकडं बघत होतो. मागच्या साली आजीचं ऑपरेशन झालं तेव्हा आमच्या जोडीतला एक बैल विकला. वडील बाजारातून आले आणि जेवले नाहीत. दावं घेऊन आले होते, ते खुंटीला अडकवलं. पोळ्याला आम्ही एकच बैल सजवला. टिंग्यानं आजीचा आणि बैलाचा प्रश्न विचारला तेव्हा वाटलं, तो मलाच विचारायलाय. आमची आजी वाचली. बैल गेला. मला आजी पाहिजे होती. बैल पण पाहिजे होता."

त्यानं ते वर्गात वाचून दाखवायचं ठरवलं. वाचताना एकदा थांबला, मग पूर्ण केलं. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "टिंग्या लहान हाय. त्याला हिशोब कळत नाही." त्यावर दुसरा म्हणाला, "हिशोब कळला म्हणजे बैल विकायचाच का?" तिसरा म्हणाला, "बापाला काय हौस हाय का?" घंटा झाली तरी कुणी उठेना. कोण बरोबर? मी निकाल दिला नाही. चित्रपटानंही दिलेला नाही. काही प्रश्न असे असतात, की त्यांचं उत्तर अपेक्षित प्रश्नसंचाच्या मागच्या पानावर नसतं. ते घराघरांत वेगवेगळं असतं, आणि ते देताना प्रत्येकाला काहीतरी गमवावं लागतं.

चार दिवसांनी वहीत दोन ओळींची भर पडली होती. "रात्री वडिलांना विचारलं, बैल कोणाला दिला. आजपर्यंत विचारलं नव्हतं. म्हणाले, पलीकडच्या गावात एका शेतकऱ्याला, अजून वखराला चालतो, दिवाळीनंतर जाऊ बघायला." खाली त्यानं लिहिलं होतं, "तरी पिक्चर आवडला नाही. पण परत बघायचा आहे."

मित्रांनो, 'आवडला नाही पण परत बघायचा आहे' या वाक्याला मी पैकीच्या पैकी गुण दिले असते. पण या वहीला गुण नाहीत, असं आम्ही आधीच ठरवलं होतं.

तिसरा चित्रपट 'किल्ला'. अविनाश अरुण यांचा. अकरा वर्षांच्या चिन्मयचे वडील वारले आहेत. आईची बदली होते, आणि पुण्याचा हा मुलगा कोकणातल्या लहान गावी येतो. नवी शाळा, नवी पोरं, रोजचा पाऊस. वहीत काय लिहिलं होतं? "बोअर झाला. अर्धा पिक्चर नुसता पाऊसच."

यात रागवण्यासारखं काहीच नाही. कंटाळा हीसुद्धा खरी प्रतिक्रिया आहे. फक्त कंटाळा कुठं आला आणि कुठं गेला, तेवढं सांगता आलं पाहिजे. त्यानं विचार करून लिहिलं, "पोरं सायकलीवर किल्ल्यावर जातात आणि तो तिथं एकटाच राहतो, पाऊस लागतो, तिथून मला झोप आली नाही. सुरुवातीला पाऊस नुसता पाऊस होता. किल्ल्यावर तो पाऊस भेव दाखवायला लागला." म्हणजे चित्रपटात पाऊस दोन तऱ्हेचा होता, हे त्याचं त्यालाच सापडलं!

त्याच वर्गात एक मुलगी आहे. तिच्या घरचे दर साली दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. ती एवढंच म्हणाली, "चिन्मयच्या आईची बदली कधीमधी होती. आमची दरसाल होती." एका वाक्यात तिनं साऱ्या वर्गाला चित्रपट नव्यानं दाखवला. शाळा सुटणं म्हणजे काय, मैतर मागं राहणं म्हणजे काय, हे तिला चित्रपटातून शिकायचं नव्हतं. तिनंच ते आम्हाला शिकवलं.

आता तुम्ही म्हणाल, "सर, आमच्यासारख्या पोरांच्या मताला कोण विचारतो?" तर ऐका. जर्मनीत बर्लिन शहरात दरवर्षी मोठा चित्रपट महोत्सव भरतो. त्यात मुलांच्या चित्रपटांचा वेगळा विभाग असतो, आणि तिथं मोठ्या परीक्षकांबरोबरच मुलांचंही एक परीक्षक मंडळ असतं. अगदी तुमच्या वयाची शाळकरी मुलं! ती सगळे चित्रपट पाहतात, आपसांत वाद घालतात आणि आपल्या मतानं पुरस्कार देतात. पुरस्कार म्हणजे स्फटिकाचं अस्वल, कारण अस्वल हे बर्लिनचं चिन्ह. २०१४ साली त्या मुलांनी हे अस्वल कुणाला दिलं असेल? आपल्या 'किल्ला'ला! कोकण न पाहिलेल्या, मराठीचा शब्द न कळणाऱ्या मुलांना चिन्मयचा एकटेपणा कळला. भारतात हा चित्रपट थेटरात लागला तो नंतर, २०१५ साली. म्हणजे मुलांचं मत आधी आलं!

हे कळल्यावर आमच्या मुलानं 'बोअर झाला' हे खोडलं का? नाही. शेजारी लिहिलं, "त्यांना आवडला. मला निम्मा आवडला." हेच तर हवं होतं. पुरस्कार मिळाला म्हणून आपलं मत बदलायचं नाही, आणि इतरांना आवडला म्हणून त्यांना हसायचंही नाही.

करून पाहा

एक साधी वही घ्या. चित्रपट पाहिल्यावर लगेच लिहू नका, एक रात्र जाऊ द्या. मग या पाच प्रश्नांची उत्तरं लिहा.

१. डोळे मिटल्यावर कोणतं दृश्य दिसतं?
२. तुम्ही कुणाकडं बघत होता? त्या माणसाची बाजू थोडक्यात मांडा.
३. कंटाळा कुठं आला? का आला असेल?
४. आपल्या घरातलं, गल्लीतलं, शेतातलं काय आठवलं?
५. दिग्दर्शक भेटले तर त्यांना कोणता एकच प्रश्न विचाराल?

'छान' हा शब्द वापरायचा नाही, ही एकच अट!

पालकांसाठी दोन शब्द

मुलाबरोबर बसून चित्रपट पाहा. संपल्यासंपल्या "काय बोध घेतलास?" असं विचारू नका, मूल लगेच परीक्षेतला निबंध म्हणून दाखवतं. थोडा वेळ गप्प राहा. ते आपणहून बोलेल. प्रमाणपत्रावरचं वयही बघत चला. 'यू' म्हणजे सर्वांसाठी. २०२४ पासून 'यूए' प्रमाणपत्राचे ७, १३ आणि १६ वर्षं असे तीन टप्पे झाले आहेत. नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' थोड्या मोठ्या मुलांनी आईवडिलांबरोबरच पाहावा. त्यातल्या जब्याला शाळेत आणि गावात जे सोसावं लागतं, त्यावर मोठ्यांनी मुलांशी बोललं पाहिजे.

आणि मुलानं एखाद्या रात्री, "आपण तो बैल कोणाला दिला?" असं विचारलंच, तर टाळू नका. खरं काय ते सांगा. त्याला ते पेलतं.

तर बालमित्रांनो, या सुट्टीत एक चित्रपट, एक रात्र आणि वहीचं एक पान. पुढच्या आठवड्यात भेटू, नव्या विषयासह!