आज मुक्काम कुठे?

ऑफिसात कुणी 'ट्रेकला चाललोय' म्हटलं की पहिला प्रश्न येतो, 'कुठला किल्ला?' दुसरा, 'चढायला किती वेळ लागतो?' तिसरा प्रश्न फारसं कुणी विचारत नाही, कारण आपले बहुतेक ट्रेक पहाटेची गाडी पकडून रात्री घरी परतायचे असतात. तो प्रश्न म्हणजे 'झोपणार कुठे?' पाठीवर सॅक टाकून चार-पाच दिवस सलग चालायचं ठरवलंत, तर अख्खा प्लॅन याच एका प्रश्नाभोवती फिरतो.

अमेरिकेतल्या अ‍ॅपलेशियन ट्रेलवाल्यांनी हा प्रश्न कधीच सोडवून टाकलाय. साधारण साडेतीन हजार किलोमीटरची वाट आणि त्यावर अडीचशेहून जास्त निवारे. तीन बाजूंना भिंत, चौथी बाजू उघडी, आत लाकडी फळ्यांचा ओटा. स्पेनमधल्या कामिनोवर यात्रेकरूंसाठी अल्बेर्गे असतात, म्हणजे थोडक्यात आपल्या धर्मशाळाच. आपल्याकडे असं काही नाही म्हणून आपण उसासे टाकतो. पण तीन बाजूंना भिंत आणि समोरून उघडं, हे वर्णन पुन्हा एकदा वाचा बरं. गावातल्या देवळाचा सभामंडप डोळ्यांसमोर आला की नाही?

हे पटवून घ्यायचं असेल तर फार लांब जायला नको. दिव्याहून रोह्याची गाडी पकडा आणि पेणला उतरा. पेण ते रोहा आणि पुढे तळा हा पट्टा सावकाश, किल्ले बघत चालायला पाच-सहा दिवस सहज लागतात. ही काही कुणी बाण रंगवून आखून दिलेली वाट नाही. सांकशी, सुधागड, सुरगड, अवचितगड, घोसाळगड आणि तळागड हे मणी तुमचे तुम्हीच ओवायचे. यातले तळा आणि घोसाळगड म्हणजे १६६५ च्या पुरंदरच्या तहात शिवाजी महाराजांनी स्वतःकडे राखलेल्या बारा किल्ल्यांपैकी. एक मात्र सांभाळा. मुंबई-गोवा हायवेच्या कडेने चालू नका. ट्रक आणि धूळ यांच्यात ट्रेकची सगळी मजा जाते. आतले गावरस्ते विचारत विचारत जा.

आणि मुक्काम? पहिल्या रात्रीपासूनच व्हरायटी आहे. सांकशीच्या पायथ्याशी बद्रुद्दीन दर्गा आहे, त्यावरून या किल्ल्याला बद्रुद्दीनचा किल्लाही म्हणतात. तिथे विचारून, परवानगी घेऊन पथारी पसरायची. पुढे पालीला बल्लाळेश्वराच्या भक्तनिवासात खोली मिळाली तर गरम पाण्याची आंघोळ म्हणजे काय चीज असते ते तिसऱ्या दिवशी कळतं. सुधागडावर तर थेट पंतसचिवांचा वाडा. भोर संस्थानच्या सचिवांच्या या वाड्यात ट्रेकर्सच्या कित्येक पिढ्या झोपून गेल्यात. लाकडी खांब, अंधार आणि रात्रभर सॅकभोवती उंदरांची धावपळ. खाऊची पिशवी दोरीला टांगून ठेवायची, हा तिथला पहिला धडा. गर्दी असेल तर जवळच भोराई देवीचं देऊळ आहे. सुरगड, अवचितगड आणि घोसाळगडला मात्र वर झोपण्याचा हट्ट नको. अवचितगडाभोवती तर दाट रान आहे. खालच्या गावातलं देऊळ, समाजमंदिर, सुट्टी असेल तर शाळेचा व्हरांडा, नाहीतर कुणाची तरी ओटी. रोह्यात लॉज आहेत, मोबाइल आणि पाय दोन्ही तिथे चार्ज करून घ्या.

ओटीवरच्या मुक्कामाचा अनुभव मात्र कुठल्याही पॅकेजमध्ये मिळत नाही. आपण अंधार पडता पडता गावात शिरतो. चार कुत्री भुंकतात, एक आजोबा विचारतात, 'कुठनं आलात?' पाच मिनिटांत पाण्याचा तांब्या समोर येतो आणि अर्ध्या तासात तांदळाची भाकरी. जोडीला वालाची आमटी, नाहीतर सुकट. थंडीत गेलात आणि नशीब जोरावर असेल तर पोपटी! मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा आणि अंडी, मडकं उलटं करून भोवती जाळ. बार्बेक्यू नेशनची आठवणसुद्धा येणार नाही.

महिनोन् महिने असंच रोज नव्या गावात झोपलेला एक माणूस याच पेण तालुक्यातला होता. १८९५ साली गागोदे गावात जन्मलेले विनोबा भावे. १९५१ ते १९६४ त्यांनी भूदानासाठी देश पायी पालथा घातला. पहाटे उठून चालायला लागायचं आणि रोजचा मुक्काम नवा. वाटेत त्यांच्यासाठी कुणी तयार निवारे बांधून ठेवले नव्हते. पुढचं गाव त्यांची सोय करायचं, एवढाच भरवसा. विनोबा जमीन मागायला जात होते, आपण फोटो काढायला जातो, हा फरक आहेच. पण रात्र ज्या भरवशावर काढायची तो आजही तोच आहे. आपल्या वाटांवरचा निवारा म्हणजे फळ्या आणि पत्रे नव्हेत, माणसं आहेत.

'पण माझ्याकडे नवा कोरा टेंट आहे त्याचं काय?' असं विचारणारे असतातच. जरूर न्या, पण जागा बघून लावा. कोलाडला कुंडलिकेच्या काठी तंबूंचे रीतसर कॅम्प आहेत. तिथे राहा, सकाळी राफ्टिंग करा, मस्त. मात्र या नदीला बारमाही पाणी का असतं ते माहीत असू द्या. मुळशी धरणाचं पाणी भिऱ्याच्या वीजघरात वीज तयार करून कुंडलिकेत सोडलं जातं. म्हणजे आभाळ निरभ्र असलं तरी पाणी वाढतं. नदीच्या पात्रात, वाळूवर स्वतःच्या मनाने तंबू ठोकणं हा शुद्ध वेडेपणा. थंडीत इथे दव एवढं पडतं की सकाळी तंबू पिळून काढावा लागतो. त्यापेक्षा देवळाचं छप्पर बरं. उघड्यावर जमिनीशी झोपू नका. मण्यार रात्री अंथरुणात शिरते आणि तिचा दंश कित्येकदा कळतही नाही. ओट्यावर झोपा, नाहीतर चेन पूर्ण लावलेल्या तंबूत. संशय जरी आला तरी मांत्रिक वगैरे काही नाही, तडक सरकारी रुग्णालय. फणसाड अभयारण्याच्या हद्दीत वनखात्याला न विचारता मुक्काम करायचा नाही, आणि रानात शेकोटी कुठेच नको.

आणि पावसाळ्यात डोंगरउतारावर मुक्काम? अजिबात नाही. हे मी हिरवळीचे फोटो बघून हुरळलेल्या प्रत्येकाला सांगतो. पेणला लागूनच खालापूर तालुका आहे. तिथल्या इर्शाळगडावर तुमच्यापैकी अनेकजण गेले असतील. गडाच्या वाटेवर इर्शाळवाडी लागायची, ठाकरांची छोटीशी वाडी. ट्रेकर्स तिथे थांबायचे, चहा-पोहे मागायचे, परतताना जेवायचे. १९ जुलै २०२३ च्या रात्री डोंगराचा कडा त्या वाडीवर आला. वर गाडीरस्ता नव्हता, त्यामुळे यंत्रं पोचली नाहीत. बचाव पथकं चिखलातून चढून गेली आणि हातांनी माती उपसत राहिली. २७ मृतदेह सापडले. २३ जुलैला शोध थांबला, तेव्हा आणखी ५७ जण बेपत्ता होते. त्याआधी दोनच वर्षांपूर्वी, २२ जुलै २०२१ ला, महाड तालुक्यातल्या तळियेवर हेच झालं होतं.

इर्शाळवाडीची बातमी आली त्या दिवशी अनेक ट्रेकर्सनी आपले जुने फोटो उघडून पाहिले असतील. गडाचे, सुळक्याचे, ग्रुपचे ढीगभर. ज्यांच्या अंगणात चहा प्यायलो त्यांचा फोटो किती जणांकडे असेल? नाव तरी किती जणांना आठवलं असेल? ज्या उताराला आपण 'व्ह्यू' म्हणतो त्यावर कुणीतरी बाराही महिने राहतं. आपण जुलैत तिथे न जाण्याचा निर्णय घेऊ शकतो, त्यांना तो पर्याय नसतो. एवढं लक्षात ठेवलं तरी ओटीवर बसायची आपली पद्धत बदलते.

म्हणून हे थोडे नियम. गावात अंधार पडायच्या आत पोचा, म्हणजे कुणाला घाबरवणार नाही. देवळात झोपायचं तर आधी पुजारी किंवा सरपंचांना विचारा. देवळात, दर्ग्यात दारू आणि मटण नाही, चपला बाहेर, स्पीकर बंद. गावाला पहाटे उठून शेतावर जायचं असतं. जेवणाचे पैसे आधी विचारून घ्या. 'काय द्यायचं ते द्या' असं उत्तर आलं तर शहरातल्या थाळीचा भाव लावा, कंजुषी नको. पाणी उन्हाळ्यात लांबून आणलेलं असतं, ते बेताने वापरा. कचरा सॅकमध्ये परत. सकाळी निघताना झोपलेली जागा झाडून द्या. आणि हो, घरातल्या माणसांचं नाव विचारा, आपलं सांगा. फोटो काढलात तर प्रिंट काढून पुढच्या वेळी नेऊन द्या.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा उत्तम सीझन. पाच दिवसांची रजा मिळत नसेल तर दोन रात्रींपासून सुरुवात करा. पेण, कासू, नागोठणे, रोहा ही स्टेशनं वाटेच्या आसपासच आहेत, पाय बोलायला लागले की गाडी पकडून सोमवारी कामावर हजर. मागच्या खेपेचा एखादा फोटो कुणाला द्यायचा राहिला असेल, तर तो आधी सॅकच्या वरच्या कप्प्यात टाका.