वाटाण्याचे रोप, आगकाड्या आणि लंका: फाळक्यांच्या हातांचा इतिहास

१/
भारताचा पहिला चित्रपट कोणता, हा वाद इतिहासप्रेमींत दर मे महिन्यात नव्याने पेटतो. १८ मे १९१२ रोजी दाखवला गेलेला दादासाहेब तोरणे यांचा ‘श्री पुंडलिक’ की ३ मे १९१३ रोजी झळकलेला दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’? दोन्ही मुंबईच्या कॉरोनेशनमध्येच प्रदर्शित झाले. आजच्या धाग्यात हा वाद मिटवायचा नाही. त्या वादात दुर्लक्षित राहिलेली एक गोष्ट पुढे आणायची आहे.

२/
ती गोष्ट म्हणजे फाळक्यांचे हात. पत्नीचे दागिने, गहाण पडलेली विमा पॉलिसी, स्त्रीभूमिकेतील साळुंके या कथा आपल्याला पाठ असतात. पण हा माणूस रात्र रात्र जागून नेमके काय करीत असे, हे क्वचितच सांगितले जाते. माझे मत स्पष्ट आहे: फाळके आधी प्रतिकृती घडवणारे आणि युक्त्या रचणारे हौशी कारागीर होते. त्यांच्यातला चित्रपटकार या हौसेतूनच घडला.

३/
धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरी झाला. ब्रह्मगिरीच्या पायथ्याचे, गोदावरीच्या उगमाचे हे क्षेत्र. वडील संस्कृतचे व्यासंगी. राम, कृष्ण, हरिश्चंद्र, भगीरथ यांच्या कथा या मुलाला कुठे शोधायला जावे लागले नाही. त्या घरातच होत्या. त्या डोळ्यांना दिसतील अशा कशा घडवायच्या, हे शिकण्यात मात्र त्यांची पुढची चाळीस वर्षे गेली.

४/
१८८५ मध्ये ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले, नंतर बडोद्याच्या कलाभवनात गेले. १८९२ साली अहमदाबादच्या औद्योगिक प्रदर्शनात त्यांनी आदर्श नाट्यगृहाची प्रतिकृती मांडली आणि तिला सुवर्णपदक मिळाले. ‘हरिश्चंद्र’च्या एकवीस वर्षे आधीची ही गोष्ट. त्यांचे गाजलेले पहिले ‘नाट्यगृह’ असे टेबलावर मावणारे होते.

५/
पुढे गोध्र्यात छायाचित्रणाचा व्यवसाय, पुरातत्त्व खात्यात नोकरी, मग लोणावळ्याला छपाई आणि ब्लॉकनिर्मिती. मधल्या काळात एका जर्मन जादूगाराकडून त्यांनी जादूचे प्रयोगही शिकून घेतले. मंचावर ते ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने उभे राहत. हे नाव उलट्या बाजूने वाचा, म्हणजे त्यातली गंमत कळेल.

६/
चरित्रांत या टप्प्याचे वर्णन बहुधा ‘धडपडीचा काळ’ असे येते. जणू खरे काम नंतर सुरू झाले. मला हे पटत नाही. प्रतिकृतीने त्यांना प्रमाण शिकवले, छायाचित्रणाने प्रकाश, छपाईने रसायने आणि चिकाटी. प्रेक्षकाची नजर या क्षणी कुठे आहे आणि ती कुठे न्यायची, हे जादूने शिकवले. चमत्कृतीचे दृश्य रचणाऱ्याला याहून वेगळे शिक्षण कोणते लागते?

७/
हा योगायोग केवळ आपल्याकडचा नाही. फ्रान्सचे जॉर्ज मेलिएस हेही मुळात जादूगार. १८८८ मध्ये त्यांनी पॅरिसमधील रॉबेर-उदँ यांचे जादूचे नाट्यगृह विकत घेतले आणि १९०२ मध्ये चंद्रावरच्या सफरीचा चित्रपट केला. दोन देशांतील या दोन जादूगारांना कॅमेऱ्यात एकच गोष्ट दिसली: हे यंत्र थांबवता येते, आणि थांबल्याचे प्रेक्षकाला कळत नाही.

८/
ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट पाहून फाळक्यांना आपल्या दैवतांच्या चित्रपटांचा ध्यास लागला. १९१२ च्या फेब्रुवारीत ते लंडनला गेले. तेथे सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत त्यांनी काम पाहिले, विल्यमसन कॅमेऱ्याची व्यवस्था केली आणि दोन महिन्यांच्या आत ते परतले. मात्र भांडवल द्यायला कोणी तयार होईना. त्यावर त्यांनी काढलेला तोडगा पाहण्याजोगा आहे.

९/
त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला. कॅमेरा एका जागी रोवून, रोपाच्या वाढीची चित्रे थोड्या थोड्या वेळाने टिपत त्यांनी सुमारे महिन्याभरात मिनिटभराची फीत तयार केली. पडद्यावर बी फुटले, कोंब वर आला, वेल डोलू लागला. ते पाहून पैसे मिळाले.

१०/
आता थोडे गणित करू. प्रचलित कथा सांगते की ते रोज एक चित्र घेत. सेकंदाला १६ चित्रे धरली, तर एका मिनिटाला ९६० चित्रे लागतात. रोज एकच घेतले असते, तर महिनाअखेरीस जेमतेम दोन सेकंद भरले असते. मिनिटभराची फीत हवी, तर दिवसाला सरासरी ३२ चित्रे, म्हणजे अहोरात्र दर पाऊण तासाला एक! प्रत्यक्ष परिश्रम कथेहून कितीतरी मोठे होते.

११/
ही तफावत लक्षात यायला दस्तऐवज चाळावे लागत नाहीत. ज्याने स्वतः एकदा असे रोप टिपले आहे, त्याच्या ती तत्काळ ध्यानात येते. इतिहास वाचायचा एक मार्ग हातांतूनही जातो, असे मी म्हणतो ते यासाठी.

१२/
या कामात सरस्वतीबाईंचा वाटा दागिन्यांपुरता नव्हता. अंधारात बसून कोऱ्या फिल्मच्या कडांना छिद्रे पाडणे, रसायने कालवणे, चित्रीकरणाला हातभार लावणे आणि साऱ्या मंडळींचा स्वयंपाक, हे सगळे त्यांनी केले. ‘त्यागी पत्नी’ हे विशेषण त्यांच्यावर अन्याय करणारे आहे. त्या या देशातील पहिल्या चित्रपट-तंत्रज्ञांपैकी एक होत्या.

१३/
‘राजा हरिश्चंद्र’च्या शेवटी देव प्रकट होतात. त्यामागची मूळ युक्ती सोपी आहे. कॅमेरा थांबवायचा, सर्व नटांनी होते तिथे, होते तसे निश्चल राहायचे, नवे पात्र चौकटीत येऊन उभे राहील, कॅमेरा पुन्हा सुरू. पडद्यावर देव शून्यातून अवतरतात. एखाद्याचा हात बोटभर जरी हलला, तरी चमत्कार फसला.

१४/
आता पहिल्या पोस्टमधील वादाकडे पुन्हा पाहा. ‘पुंडलिक’ हे मुख्यतः रंगमंचीय नाटकाचे चित्रण होते. तोरण्यांचे श्रेय त्यामुळे कमी होत नाही. पण जे मंचावर घडूच शकत नाही ते कॅमेऱ्यात घडवणे, हे फाळक्यांचे वेगळेपण होते. पहिला कोण, याहून हा प्रश्न मला अधिक मोलाचा वाटतो.

१५/
‘आगकाड्यांची मौज’ या लघुपटात त्यांनी काड्यापेटीतल्या काड्या नाचवल्या: काडी तसूभर सरकवायची, एक चित्र घ्यायचे, पुन्हा सरकवायची. ‘श्रीकृष्ण जन्म’मध्ये (१९१८) कंसाचे शिर धडावेगळे झालेले दिसते. ‘कालिया मर्दन’मध्ये (१९१९) कृत्रिम कालियाच्या फण्यावर बाळकृष्ण उभा राहतो. तो कृष्ण म्हणजे फाळक्यांची कन्या मंदाकिनी.

१६/
१९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये जळती नगरी दाखवायची होती. अशा दृश्यांमागचे प्रतिकृतीचे गणित समजून घ्या. लहान वस्तू कमी उंचीवरून पडते, म्हणून लवकर पडते, आणि डोळ्याला लगेच खोटी वाटते. मनोरा खऱ्याच्या एक षोडशांश असेल, तर पडायला वेळ एक चतुर्थांश लागतो. म्हणून चित्रीकरण चौपट वेगाने करून नेहमीच्या वेगाने दाखवावे लागते. १६ चे वर्गमूळ ४, एवढेच सूत्र.

१७/
मात्र आग आणि पाणी या सूत्राला पुरते वश होत नाहीत. ज्वाळेचे जिभळे आणि पाण्याचा थेंब यांना लहान करता येत नाही. इवल्याशा वाड्यावर थेंब नारळाएवढा दिसतो. म्हणूनच ज्या प्रतिकृती जळणार किंवा बुडणार, त्या शक्य तितक्या मोठ्या कराव्या लागतात. लंका पेटवणे सोपे. ती लंकेएवढी भासवणे कठीण.

१८/
एक आक्षेप नेहमी येतो: युक्तीने देव दाखवून भाविकांच्या श्रद्धेचा फायदा घेतला. पण फाळक्यांनी आपली कला झाकून ठेवली नाही. चित्रपट कसे तयार होतात हे दाखवणारा लघुपट त्यांनी स्वतः काढला. ‘कालिया मर्दन’च्या आरंभी तर त्यांनी आधी मंदाकिनीचे साध्या वेषातील मुद्राभिनय दाखवले, मग तिला कृष्ण केले. प्रेक्षकाला हे सोंग आहे हे सांगूनही त्याला हरखवता येते, हा विश्वास त्यामागे होता.

१९/
ही परंपरा नाशिकपुरती राहिली नाही. कोल्हापुरात बाबुराव पेंटरांनी कॅमेराच हाताने घडवला आणि १९२० मध्ये ‘सैरंध्री’ काढला. त्यातील कीचकवध इतका खरा वाटला की त्यावर सेन्सॉरची कात्री चालली. त्यांच्याच हाताखाली तयार झालेल्या दामले-फत्तेलालांनी १९३६ च्या ‘संत तुकाराम’मध्ये वैकुंठाचे विमान आकाशात नेले.

२०/
यातले उरले काय? नव्वदहून अधिक चित्रपट करणाऱ्या फाळक्यांचे बहुतेक काम नष्ट झाले. ‘राजा हरिश्चंद्र’च्या चार रिळांपैकी पहिले आणि शेवटचे तेवढे आज पाहता येते. नायट्रेट फिल्म मुळातच ज्वालाग्राही, आणि प्रतिकृती तर चित्रीकरण संपताच अडगळ ठरतात. फाळक्यांच्या नावाचा सर्वोच्च पुरस्कार १९६९ पासून दिला जातो. त्यांच्या हाताच्या कौशल्याचा वारसा मात्र कोणी मोजत नाही.

२१/
‘आता संगणक सारे करतो, मग पुठ्ठा कापायचा कशाला?’ प्रश्न रास्त आहे. संगणकाने पडद्यावर अफाट शक्यता खुल्या केल्या, हे मला मान्य आहे. पण वजन, सावली, पडण्याचा वेग यांची जाण बोटांतून आली नसेल, तर पडद्यावरची चूक ओळखणार कोण? शिवाय पुठ्ठा, माती आणि कात्री ही साधने खेड्यातल्या मुलाच्याही आवाक्यातली आहेत.

२२/
आपल्याकडे तर हा छंद घरोघरी आहे. दिवाळीतला किल्ला ही प्रतिकृतीच. गणेशोत्सवातला हलता देखावा हा ट्रिकसीनच. पण मूल सातवी-आठवीत गेले की ‘आता पुरे हा पोरखेळ’ असे आपणच म्हणतो. अहमदाबादच्या त्या प्रतिकृतीला कोणी पोरखेळ म्हटले असते तर?

२३/
मेलिएस उतारवयात पॅरिसच्या रेल्वेस्थानकावर खेळणी विकत बसले. फाळक्यांनी १९३७ मध्ये कोल्हापुरात ‘गंगावतरण’ हा शेवटचा चित्रपट केला. गोदावरीच्या उगमाशी जन्मलेल्या माणसाने अखेरीस पडद्यावर गंगा उतरवली. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशकात त्यांचे निधन झाले.

२४/
म्हणून मित्रांनो, यंदा ३० एप्रिलला नुसता फोटो आणि अभिवादन नको. कुंडीत वाटाणा पेरा, मोबाईल एका जागी घट्ट बसवा, दर पाऊण तासाला एक चित्र घ्या. रात्री झोप लागली आणि चित्रे हुकली, तर तेही लिहून ठेवा. १९१२ च्या त्या महिन्यात फाळक्यांच्या घरात काय चालले असेल, याचा अंदाज तेव्हा येईल. आणि दिवाळीचा किल्ला बांधणारा धाकटा भाऊ-बहीण घरात असेल, तर यंदा त्यांच्यासोबत मातीत हात घाला.

धागा समाप्त.