रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून...

मागच्या टर्मला आपल्या गेटसमोरच्या वळणावर माझ्या रूमपार्टनरच्या बाईकला टेम्पोने उडवलं. पायात रॉड बसला, अख्खी सेमिस्टर गेली, पण जीव वाचला. विम्यासाठी कागद लागणार म्हणून त्याचे वडील गावाहून आले. त्यांच्यासोबत मी पोलीस ठाण्यात गेलो. एफआयआर आणि पंचनाम्याची नक्कल मिळाली, ती तिथल्याच बाकावर बसून वाचली.

त्यात पेपरात शंभरदा वाचलेलं वाक्य होतं. चालकाने ‘आपल्या ताब्यातील वाहन रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून, हयगयीने, अविचाराने व भरधाव वेगात’ चालवलं वगैरे. टेम्पोवाल्याने दुर्लक्ष केलं असेलही. पण त्या कागदानेसुद्धा तेच केलं होतं! रस्ता डांबरी आहे आणि पूर्व-पश्चिम जातो, एवढीच नोंद. दुभाजक तोडून केलेली वाट, वळणावर आडवी आलेली बाभूळ, बंद दिवा... एक शब्द नाही.

मी हवालदारकाकांना विचारलं, “काका, या वळणावर तीन वर्षांत किती अपघात झाले?” ते चिडले नाहीत. म्हणाले, “बाळा, एकेक फाइल काढावी लागेल. त्यात कुणी ‘कॉलेजसमोर’ लिहितं, कुणी ‘पंपाजवळ’, कुणी ‘ढाब्यासमोर’. जागा एकच!” एफआयआरच्या छापील फॉर्मातही घटनास्थळासाठी ठाण्यापासूनची दिशा आणि अंतर विचारतात. ‘उत्तरेस, ४ कि.मी.’ यावरून कोणी वळण शोधून दाखवावं.

माझा मुद्दा इथेच आहे. राष्ट्रीय महामार्गावर ‘ब्लॅक स्पॉट’ ठरवायचा नियम असा, की सुमारे ५०० मीटरच्या तुकड्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे ५ अपघात, नाहीतर १० मृत्यू. म्हणजे सगळा खेळ मोजणीचा. एकाच जागेला तीन नावं पडली, की तीन ठिकाणी एकेक-दोनदोन अपघात दिसतात आणि धोक्याची जागा कागदावर उरतच नाही. दोष हवालदारकाकांचा नाही. जखमीला दवाखान्यात न्यायचं, ट्रॅफिक मोकळा करायचा आणि पंचनामाही करायचा, हे त्यांच्याच गळ्यात. शिवाय तो कागद बनतो कोर्टात गुन्हेगार ठरवायला. रस्ता चुकला का, हे त्याला कुणी विचारलेलंच नसतं.

सुधारणा झाली नाही असं नाही. सुप्रीम कोर्टाने २०१६ साली आदेश दिला, की संवेदनशील गुन्हे सोडून एफआयआर २४ तासांत वेबसाइटवर टाका. महाराष्ट्र पोलिसांच्या साइटवर ते बघता येतात. पण शोधायचे तारीख आणि ठाण्यावरून, रस्त्यावरून नाही. दुसरं म्हणजे आयआयटी मद्रासने बनवलेली ‘आयरॅड’ यंत्रणा. २०२१ पासून पोलीस मोबाइलवरच अपघाताची जागा जीपीएससह आणि फोटोसकट भरतात. म्हणजे ‘ढाब्यासमोर’चा घोळ मिटला! पण लॉगिन पोलीस, आरटीओ, रस्ते आणि आरोग्य अशा खात्यांना. रोज त्या रस्त्याने जाणाऱ्या तुम्हा-आम्हाला नाही. आपल्यासाठी केंद्राचा वार्षिक अहवाल : २०२२ साली देशात ४,६१,३१२ अपघात, १,६८,४९१ मृत्यू. आकडा वाचून अंगावर काटा येतो, पण आपलं वळण त्यात कुठे आहे?

ब्रिटनमध्ये पोलिसांनी नोंदवलेल्या प्रत्येक जखमी-अपघाताची १९७९ पासूनची माहिती कुणीही उतरवून घेऊ शकतो. जागा, वेळ, उजेड होता की अंधार, रस्ता ओला की कोरडा, चौक कसा... सगळं. नाव मात्र कुणाचंच नाही.

इथे काही जण म्हणतील, लोकांची खासगी माहिती उघडी पडेल. माझ्या मित्राचं नाव, पत्ता, गाडीचा नंबर जगाने बघावा असं मलाही वाटत नाही. गंमत म्हणजे आजच्या एफआयआरमध्ये ते असतं, आणि जे हवं ते नसतं! नावं झाका, जागा दाखवा, एवढंच मागणं. दुसरी भीती, की मग रस्ता बांधणाऱ्यावर बोट जाईल. जाऊ दे की! मोटार वाहन कायद्यात २०१९ साली कलम १९८-अ आलं. रस्त्याची रचना, बांधकाम किंवा देखभाल निकषांप्रमाणे न केल्यामुळे कुणाचा जीव गेला किंवा कुणी अपंग झालं, तर जबाबदार कंत्राटदार-सल्लागाराला १ लाखापर्यंत दंड. पण त्याच वळणावर आधी किती जण पडले हे दाखवणारी नोंदच हाती नसेल, तर ते कलम लावायचं कशाच्या जोरावर?

आपण इंजिनिअर होणार. सर्व्हे प्रॅक्टिकलला तेच ग्राउंड आणखी किती वर्षं मोजणार? सिव्हिलच्या सरांना माझी विनंती आहे, एक बॅच या वळणाचं मोजमाप करू दे. दहा रुपयांच्या माहिती अधिकाराच्या अर्जात आपण तीन वर्षांतल्या अपघातांच्या जागा आणि वेळा मागू. अर्ज मी लिहितो, सह्यांना या. उत्तर ३० दिवसांत यायला हवं.

रूमपार्टनर आता कुबडीशिवाय चालतो. पण मेसवरून परतताना त्या वळणाशी अजून थबकतो. त्या कागदाने जे लिहिलं नाही, ते त्याचा पाय लक्षात ठेवून आहे.