आधी विसण, मग कढत पाणी

दसरा सरला की कळंब तालुक्यातील रस्त्यांवर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची वर्दळ वाढते. ऊसतोडीला निघालेल्या कुटुंबांचा सारा संसार त्या ट्रॉलीत असतो: पत्रे, ताडपत्री, पाण्याचे पिंप, धान्याची पोती, शेळी, कोंबड्या आणि पोरे. कोणी रांजणीच्या कारखान्याच्या परिसरातच उतरतात, कोणी सातारा, सांगली, कोल्हापूर गाठतात, तर कोणी थेट कर्नाटकात जातात. त्याच सुमारास कार्तिकीच्या दिंड्यांबरोबरचे ट्रक आणि टेम्पोही पंढरीच्या वाटेला लागतात. या दोन्ही फिरत्या घरांत बहुधा एक वृद्ध माणूस असतेच. ऊसतोडीच्या ट्रॉलीत नातवंडे सांभाळण्यासाठी आलेली आजी असते. दिंडीच्या ट्रकमध्ये पायांनी साथ सोडली तरी वारी न चुकविणारे आजोबा असतात.

या ज्येष्ठांच्या औषधांच्या गोळ्या पिशवीत आठवणीने भरल्या जातात, स्वेटर आणि कानटोपीही घेतली जाते. मात्र त्यांच्या आंघोळीच्या पाण्याचा विचार मुक्कामावर पोहोचेपर्यंत कोणी करीत नाही. मग पहाटेच्या गारठ्यात घाईघाईने काहीतरी जुळवाजुळव होते आणि अपघात नेमके याच घाईत होतात. म्हणून आजच्या लेखात प्रवासातील ऊन पाण्याची सोय कशी करावी, याचा विचार करू.

ऊन पाणी ही वृद्धांच्या बाबतीत चैन नव्हे. थंडीत त्यांचे सांधे आखडतात, अंगातील उष्णता लवकर कमी होते आणि गार पाण्याच्या धसक्याने रक्तदाब एकाएकी वाढू शकतो. त्याहून नाजूक गोष्ट अशी, की शौचानंतर स्वच्छतेला गार पाणीच मिळणार आणि आडोसाही नसणार, हे ठाऊक असले की अनेक वृद्ध स्त्रिया पाणी पिणेच कमी करतात. त्यातून बद्धकोष्ठ होते, लघवीची जळजळ सुरू होते, चक्कर येते. घरच्यांना वाटते, प्रवासाची दगदग बाधली. वास्तविक एक तांब्या कोमट पाणी आणि एक पडदा एवढ्यानेही हे दुखणे पुष्कळदा टळू शकते.

सोय करताना एक नियम सर्वांत वर ठेवावा: पाणी बाहेर तापवावे आणि वृद्धांपुढे फक्त कोमट झालेले पाणी न्यावे. विस्तव, गॅस किंवा वीज यांपैकी काहीही त्यांच्या हाताशी नसावे.

तापविण्याची साधने

सर्वांत विश्वासाचे साधन म्हणजे आपला तांब्याचा बंब. मधल्या नळीत विस्तव आणि भोवती पाणी, अशी त्याची रचना असल्याने थोड्या सरपणात पुष्कळ पाणी तापते. बंब ट्रॉलीत कधीही पेटवू नये. तो जमिनीवर, सपाट जागी, राहण्याच्या जागेपासून किमान दहा पावले दूर आणि वाऱ्याच्या खालच्या अंगाला मांडावा. ऊसतोडीच्या तळावर कोपी पाचटाची असते, आजूबाजूलाही पाचट पसरलेले असते आणि एक ठिणगी पुरेशी ठरते. म्हणून बंबाभोवतीची जागा झाडून घ्यावी आणि भरलेली एक बादली शेजारी ठेवावी. पाणी भरल्यावाचून बंब पेटवू नये, डाग दिलेले सांधे सुटतात. बंब नसेल तर तीन दगडांच्या चुलीवरचे तपेलेही चालेल, मात्र ते अर्धेच भरावे. काठोकाठ भरलेले तपेले उतरविताना हिंदकळते.

गॅसचा हिशेब सोपा आहे. हिवाळ्यातील गार पाण्याची पंधरा लिटरची बादली अंगाला सोसेल इतकी ऊन करण्यास छोट्या शेगडीवर ६० ग्रॅमच्या आसपास गॅस लागतो. पाच किलोच्या लहान सिलिंडरवर स्वयंपाकही करायचा असेल, तर हा हिशेब निघण्यापूर्वीच मांडावा. येथे एक धोका ध्यानात घ्यावा. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. ट्रॉलीचे चारही फाळके लावलेले असले की गळलेला गॅस हौदातील पाण्यासारखा तळाशी साचून राहतो आणि वृद्धांचे अंथरूणही तळाशीच असते. म्हणून सिलिंडर मुक्कामावर खाली उतरवून, उभा आणि उघड्यावर ठेवावा.

झटपट पाणी देणारा गॅस गिझर अलीकडे काही जण सोबत घेतात. तो ताडपत्रीच्या किंवा पत्र्याच्या बंद न्हाणीत कदापि लावू नये. अपुऱ्या हवेत जळणाऱ्या गॅसमधून कार्बन मोनॉक्साइड वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, त्याने डोळे चुरचुरत नाहीत. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. आधी डोके दुखते, मळमळते, पायांतील बळ जाते. वृद्धांच्या बाबतीत हे सारे 'पित्त झाले' किंवा 'साखर उतरली' म्हणून अंगावर काढले जाते. हाच वायू निखाऱ्यांतूनही निघतो. म्हणून रात्री ऊब मिळावी यासाठी शेगडी कोपीत घेऊन दार लावणे तितकेच घातक आहे.

विजेच्या कांडीविषयी तर अधिकच जपावे. १५०० वॅटची कांडी पंधरा लिटर पाणी साधारण पंधरा-सोळा मिनिटांत तापवते. ती ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चालविता येईल, असे काहींना वाटते. बारा व्होल्टच्या बॅटरीतून एवढी शक्ती घ्यायची तर सव्वाशे अँपियर प्रवाह लागेल. तारा तापून पेट घेतील आणि सकाळी ट्रॅक्टर सुरू होणार नाही. विजेच्या खांबावर आकडा टाकून कांडी लावणे म्हणजे मृत्यूला आमंत्रण होय. ट्रॉली संपूर्ण लोखंडाची असते. एक उघडी तार तिला टेकली तरी सबंध ट्रॉलीत वीज उतरते आणि दांड्याला धरून खाली उतरणारे वृद्ध प्रथम त्यात सापडतात. धर्मशाळेत किंवा नातलगांकडे नीट अर्थिंग असलेले बटण मिळाले, तरच कांडी वापरावी. बादली प्लास्टिकची घ्यावी. बटण बंद करून पिन बाहेर काढल्याशिवाय पाण्याला बोट लावू नये.

आणि जे साधन फुकट आहे, तेच आपण विसरतो. काळे पिंप किंवा काळी नळी उन्हात ठेवली की कार्तिकातही दुपारपर्यंत पाण्याचा गारठा मरतो. नळीचा भरवसा मात्र मापात धरावा. अर्ध्या इंची, शंभर फुटी नळीत जेमतेम चार लिटर पाणी मावते आणि तिची पहिली धार चटका देण्याइतकी तापलेली असू शकते, म्हणून ती बादलीतच सोडावी. असे पाणी त्याच दिवशी वापरून टाकावे आणि पिण्यास घेऊ नये. वृद्धांनी पहाटेची आंघोळ सोडून दुपारी बारा ते तीनच्या दरम्यान स्नान केले, तर निम्मे सरपण वाचते आणि थंडीही बाधत नाही. वारीत पहाटेच्या स्नानाचा आग्रह असतो हे खरे. पण सत्तरी ओलांडलेल्या माणसाने हातपाय धुऊन नामस्मरण करावे आणि स्नान दुपारी उरकावे, यात काही उणे नाही.

विसणाचे माप

कढत पाणी अंगाला सोसेल असे करण्यासाठी त्यात जे गार पाणी घालतात, त्याला आपल्याकडे विसण म्हणतात. खेड्यांत त्याचा उच्चार 'इसण' असा होतो. सर्वसाधारण रीत अशी, की बादलीत आधी कढत पाणी ओततात आणि मग विसण आणण्यास वळतात. त्या अर्ध्या मिनिटात बादलीपाशी बसलेले वृद्ध माणूस सवयीने तांब्या बुडवून अंगावर घेते. ६० अंश तापमानाचे पाणी काही सेकंदांत कातडी भाजते आणि वृद्धांची कातडी पातळ असल्याने जखम अधिक खोल जाते. म्हणून प्रवासात हा क्रम उलटा ठेवावा: बादलीत आधी विसण, मग कढत पाणी.

मापही सोपे आहे. उकळी फुटलेल्या पाण्याचे एक भांडे असेल, तर विसणाची अडीच भांडी. हिवाळ्यातील गार पाणी घेतल्यास मिश्रण ३८ ते ४१ अंशांच्या आसपास येते. वृद्धांसाठी एवढे पुरे. यातून एक लाभ असाही, की पाच लिटर पाणी उकळले तरी सतरा-अठरा लिटरची बादली तयार होते. माप घेतले तरी ढवळून, सोबतच्या व्यक्तीने आपले कोपर बुडवून पाहावे. मधुमेह असलेल्यांच्या पावलांची जाणीव मंदावलेली असते. त्यांनी पाय घालून पाणी पारखू नये.

न्हाणीची जागा

ट्रॉलीची उंची वृद्धांच्या गुडघ्यांना पेलणारी नसते. न्हाणी जमिनीवरच करावी: चार बांबू, जुने लुगडे किंवा ताडपत्रीचा पडदा, वरून उघडी, खाली खडबडीत फरशी आणि पक्के स्टूल. रक्तदाबाची गोळी घेणाऱ्यांना ऊन पाण्यानंतर उठताना अंधेरी येते. त्यांनी बसूनच स्नान करावे, आधी पायांवर आणि मग हळूहळू वर पाणी घ्यावे, अंगही बसूनच पुसावे. पडद्यापलीकडे कोणीतरी ओ देण्याच्या अंतरावर असावे. रोज पूर्ण स्नान हवेच असे नाही. एक दिवसाआड स्नान आणि मधल्या दिवशी ओल्या कोमट फडक्याने अंग पुसणे, हेही आरोग्यास पुरेसे आहे.

रात्रीसाठी एक लिटरचा थर्मास उशाशी ठेवावा. गोळी घेणे, घसा शेकणे, रात्री उठल्यावर स्वच्छता करणे, या सर्वांसाठी त्यातील थोडे पाणी विसण घालून वापरता येते आणि अंधारात चूल पेटवावी लागत नाही.

इतके करूनही भाजलेच, तर बांगड्या, अंगठी, ओले कपडे लगेच काढावेत. चिकटलेले कापड ओढू नये. भाजलेल्या भागावर वीस मिनिटे साधे गार पाणी सोडावे आणि बाकीचे अंग पांघरुणात ठेवावे. बर्फ, टूथपेस्ट, शाई, हळद यांपैकी काहीही लावू नये. स्वच्छ कापडाने सैलसर झाकून दवाखाना गाठावा. तळहाताहून मोठी जखम असेल किंवा चेहरा, हात, पाऊल, गुप्तांग भाजले असेल, तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. बंद जागेत गॅस किंवा निखाऱ्यांजवळ कोणी गुंगलेले दिसले, तर आधी त्यांना उघड्यावर आणावे आणि मग हाच क्रमांक फिरवावा.

ट्रॉली भरताना बंब किंवा तपेले, दोन बादल्या, मापाचे एक भांडे, स्टूल, पडदा आणि थर्मास एवढे सामान एका पोत्यात एकत्र बांधून ठेवावे आणि ते पोते सर्वांत शेवटी चढवावे, म्हणजे मुक्कामावर ते सर्वांत आधी हाती येईल. निघण्यापूर्वी एक दिवस अंगणातच त्याची तालीम करून पाहावी. आजी-आजोबांना कुठे बसणे सोयीचे वाटते आणि पाणी किती ऊन हवे, हे त्यांनाच विचारावे आणि त्याप्रमाणे भांड्याचे माप ठरवून घ्यावे.