चावडी मोबाईलमध्ये आली. आपण कुठे आहोत?



चिंचणी, तारापूर, वरोर, वाणगाव, बोईसर या आमच्या पट्ट्यात आता प्रत्येक गावाचा, आळीचा, ज्ञातीच्या मंडळाचा, भजनी मंडळाचा आणि शाळेतल्या पालकांचा व्हॉट्सअॅप ग्रुप आहे. पाणी किती वाजता येणार, गाडी किती उशिरा आहे, चिकूला काय भाव मिळाला, कुणाच्या घरी दुःखद घटना घडली, हे सगळं आधी तिथे कळतं. वाढवण बंदर व्हावं की होऊ नये हा वाद ग्रामसभेत जेवढा होत नाही तेवढा ग्रुपवर होतो. पूर्वी चावडीवर आणि देवळाच्या पारावर जे बोलणं चाले, ते आता खिशातल्या मोबाईलवर चालतं. पारावर बाई बसत नसे. ग्रुपवर मात्र तिचा नंबर आहे. म्हणून आपण पारावर पोचलो, असं समजायचं का?

कामाच्या निमित्ताने अशा बऱ्याच ग्रुपवर माझा नंबर घेतला गेला आहे. गेले काही महिने मी आणि आमच्या गटातल्या चौघीजणींनी मुद्दाम लक्ष ठेवलं. कोण बोलतं, कशावर बोलतं, कोण गप्प राहतं, याच्या वहीत खुणा केल्या. हिला कुणी पाहणी म्हणू नये, पण चौघींच्या वह्यांत एकच चित्र उमटलं. बायका ग्रुपवर सुप्रभात म्हणतात, वाढदिवसाच्या शुभेच्छा देतात, श्रद्धांजली वाहतात आणि जोडलेल्या हातांचं चित्र टाकतात. रस्ता, बंदर, निवडणूक, कारखान्यांच्या बाजूने रात्री येणारा उग्र वास असा विषय निघाला की बोलणारे सगळे पुरुष. पंचायतीत निवडून आलेल्या एका ताईंचा नंबर ग्रुपवर आहे, पण त्या नंबरावरून उत्तरं देतात त्यांचे यजमान. ही झाली मोबाईल हातात असलेल्यांची गोष्ट. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या ३३ टक्के बायकांनी आणि ५७ टक्के पुरुषांनी कधी ना कधी इंटरनेट वापरल्याचं सांगितलं. स्वतः वापरायला स्वतःचा मोबाईल असलेल्या बायका ५४ टक्के होत्या. नव्या चावडीच्या दारातच निम्म्याजणी अडलेल्या होत्या.

आता विनोदाकडे पाहू. बायको माहेरी गेली म्हणून पार्टी, बायकोच्या बडबडीवर औषध, बायकोच्या खर्चावर उपाय, हे रोजचं खाद्य आहे. एका गावाच्या ग्रुपवर बायकोला 'सरळ' करण्याच्या पद्धतींवर एक विनोद आला. हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. बचत गटाच्या एका अध्यक्षा ताईंनी खाली एवढंच लिहिलं, की परवा रात्री आपल्याच आळीत जे झालं ते या विनोदासारखंच होतं ना? तासभर कुणी बोललं नाही. मग एकजण म्हणाला, वहिनी, मनावर घेऊ नका, गंमत चालली आहे. दुसऱ्याने सुचवलं, लेडीजनी आपला वेगळा ग्रुप करावा. आणि त्याच रात्री तिसऱ्याने ताईंच्या नवऱ्याला फोन केला.

हा फोन मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. बोलली ती, पण तक्रार गेली तिच्या मालकाकडे. घरात वाद नको म्हणून ताई ग्रुपमधून बाहेर पडल्या. पुढच्या ग्रामसभेची तारीख ग्रुपवर आली, त्यांना ती कळलीच नाही. त्यांच्या आळीच्या नळाचा अर्ज त्या सभेत मांडायचा राहून गेला. विनोदाचा आणि नळाचा संबंध काय, असं विचारणाऱ्यांना हे सांगायला हवं. ग्रुपवरचा विनोद ही वेळ घालवायची गोष्ट असेलही, पण इथे कुणी बोलायचं आणि कुणी ऐकायचं हे त्यातूनच ठरत जातं.

याच विनोदाचं टोक आपण पाहिलेलं आहे. जुलै २०२१मध्ये आणि पुन्हा जानेवारी २०२२मध्ये मुसलमान बायकांचे फोटो इंटरनेटवर टाकून त्यांचा खोटा 'लिलाव' मांडण्यात आला. निवडल्या होत्या त्या पत्रकार, कार्यकर्त्या, मत मांडणाऱ्या बायका. दुसऱ्या प्रकरणात मुंबई पोलिसांनी पकडलेली मुलं विशीच्या आसपासची होती आणि त्यांत एक मुलगीही होती. गावच्या ग्रुपवरचा विनोद आणि हा लिलाव एक नाहीत, हे मान्य. पण बोलणाऱ्या बाईला खाली बसवायचा हेतू दोन्हीकडे आहे. आपली चळवळ विनोदाच्या विरोधात कधीच नव्हती. १९८३च्या 'मुलगी झाली हो' या नाटकाने गावोगावच्या बायकांना हसवत हसवतच विचार करायला लावलं. कोण कुणावर हसतं आणि हसून कुणाचं तोंड बंद होतं, एवढंच आपण विचारतो.

वेगळा ग्रुप करा, असं आपल्याला सांगितलं जातं. ते आपण केव्हाच केलेले आहेत, आणि तिथलं बोलणं ऐकण्यासारखं आहे. रात्री अकराला, भांडी झाली, मुलं झोपली की प्रश्न येऊ लागतात. पाळी दोन महिने चुकली आहे. बाळ दूध ओढत नाही. नवऱ्याने एटीएम कार्ड काढून घेतलं. कंपनीतला सुपरवायझर रात्री मेसेज करतो. नदीवर, पाणवठ्यावर, जात्यावर जे बोललं जाई, त्याची जागा या ग्रुपने घेतली आहे. डॉक्टरला, वकिलाला, सासूला जे विचारता येत नाही ते इथे विचारता येतं. कुणीतरी जागी असते, उत्तर देते. हा आधार लहान नाही.

पण सल्ला प्रेमाचा असला तरी बरोबर असतोच असं नाही. गर्भपातासाठी नवऱ्याची सही लागते, असं आमच्या ग्रुपवर तीनदा ठामपणे सांगितलं गेलं. कायद्यानुसार सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरते. २०२१च्या दुरुस्तीनंतर वीस आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरांचं मत लागतं. काही ठराविक परिस्थितीतल्या बायकांना दोन डॉक्टरांच्या मताने चोवीस आठवड्यांपर्यंत ही सोय मिळते. सही नाही म्हणून थांबलेली बाई काढे आणि मुळ्यांकडे वळते, आणि तिथे जिवाशी गाठ असते. घर नवऱ्याच्या नावावर आहे, तेव्हा त्याने हाकललं तर निघावंच लागतं, हाही असाच एक नेहमीचा सल्ला. २००५चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा सांगतो की ज्या घरात ती नांदत होती तिथे राहण्याचा तिला हक्क आहे, घर कुणाच्याही नावावर असो. चुकीचा सल्ला देणारीला कुणी झिडकारू नये. तिला कुणीतरी तेच सांगितलेलं असतं. पण खरं माहीत असलेल्या बाईने त्या वेळी गप्प बसणं परवडणारं नाही.

आपले ग्रुपही धुतल्या तांदळासारखे नाहीत, हेही या पानावर लिहायला हवं. वारली मैत्रिणीच्या बोलीची नक्कल करणारे आवाजाचे मेसेज बायकांच्या ग्रुपवरही फिरतात. मुसलमानांविषयीचे विखारी मजकूर 'आला तसा पुढे पाठवला' म्हणून येतात. बाई म्हणून आपल्याला जे बोचतं, ते जात आणि धर्म म्हणून दुसरीला बोचतं, हे ओळखल्याशिवाय भगिनीभाव हा शब्द आपण वापरू नये.

मत मांडण्याची किंमत काय असते, हे आमच्या पालघरने सगळ्या देशाला दाखवलं. बोईसरनंतर उमरोळी आणि मग पालघर, इतकं ते आम्हाला जवळ आहे. १७ नोव्हेंबर २०१२ला बाळासाहेब ठाकरे यांचं निधन झालं. त्यानंतरच्या बंदविषयी पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर प्रश्न विचारला आणि तिच्या मैत्रिणीने त्याला पसंती दर्शवली. दोघींना अटक झाली, कोर्टात उभं केलं गेलं. त्यांतल्या एकीच्या काकांच्या दवाखान्याची जमावाने मोडतोड केली. पुढे पोलीस अधिकारी निलंबित झाले, खटला रद्द झाला. श्रेया सिंघल या तरुणीने सर्वोच्च न्यायालयात केलेल्या याचिकेवर २४ मार्च २०१५ला निकाल लागला आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ घटनाबाह्य ठरलं. देशातल्या प्रत्येकाला त्याचा लाभ झाला. त्याची सुरुवात मात्र दोन मुलींना गप्प करण्यातून झाली होती. आमच्या भागातल्या कित्येक घरांनी तेव्हा आपल्या मुलींना एकच धडा दिला, की तू काही लिहू नकोस. मुलांना तो धडा दिला गेल्याचं माझ्या ऐकण्यात नाही.

आणि खोट्या मजकुराने काय होतं, तेही आमच्या जिल्ह्याने पाहिलं. १६ एप्रिल २०२०ला डहाणू तालुक्यातल्या गडचिंचले इथे जमावाने दोन साधूंना आणि त्यांच्या चालकाला ठार मारलं. मुलं पळवणारे, चोर फिरत आहेत, अशा अफवा त्याआधी मोबाईलवरून पसरत होत्या. गावच्या सरपंच बाईंनी जमावाला अडवायचा प्रयत्न केल्याचं नंतर वर्तमानपत्रांत आलं. समोर उभ्या असलेल्या बाईचा शब्द मोबाईलवरच्या अनोळखी मजकुरापुढे टिकला नाही. या घटनेला लगेच धार्मिक रंग देणारे मजकूरही पुन्हा मोबाईलवरूनच फिरले. धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात १ जुलै २०१८ला पाच भटक्या माणसांना अशाच अफवेतून मारलं गेलं होतं. त्या महिन्यात कंपनीने एक मजकूर एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल, अशी भारतात मर्यादा घातली.

पण सगळा दोष यंत्रावर टाकून मोकळं होता येणार नाही. १० ऑक्टोबर १९४५ला तलवाड्याला वारली हजारोंनी जमले होते, कारण गोदावरीबाई परुळेकरांच्या जिवाला धोका आहे असा खोटा निरोप जमीनदारांच्या बाजूने पाड्यापाड्यांवर पोचवला गेला. पोलिसांना मात्र वारली हल्ला करायला जमले आहेत, असं सांगितलं गेलं. गोळीबारात जेठ्या गांगड यांच्यासह पाच आदिवासी मारले गेले. तेव्हा ना मोबाईल होता ना इंटरनेट. निरोप कुणाकडून आला आणि त्यात कुणाचा फायदा आहे, हे विचारण्याची सवय तेव्हा जशी हवी होती तशीच आजही हवी आहे.

उलट उत्तर देण्याचा वारसाही आपल्यापाशी आहे. १८८१मध्ये सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेला बालहत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली, पुढे ती कमी झाली. त्यावरून वर्तमानपत्रांतून समस्त स्त्रीजातीवर तोंडसुख घेतलं गेलं. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२मध्ये 'स्त्रीपुरुष तुलना' लिहून त्याला जे उत्तर दिलं, ते आजही वाचताना अंगावर येतं. त्यांच्या पुस्तकाचीही त्या काळी टवाळीच झाली. ग्रुपवर एका ओळीत उत्तर देणाऱ्या आमच्या अध्यक्षा ताई त्याच वाटेवरच्या आहेत. फरक इतकाच, की त्या एकट्या पडल्या, आणि तिथे आपण दोन-चारजणी त्यांच्या मागे उभ्या राहू शकलो असतो अशी ही चावडी आहे.

म्हणून काही गोष्टी आपल्या बैठकांत ठरवाव्यात. ग्रामसभेची, महिला सभेची, पाण्याची सूचना फलकावर आणि दवंडीने मिळालीच पाहिजे; ग्रुपवर टाकली होती, ही सबब आपण चालवून घेऊ नये. ग्रामसभेआधी महिला सभा घेणं कायद्याने आवश्यक आहे, तिथे हा ठराव मांडता येईल. गावाच्या ग्रुपला पुरुष अॅडमिन असतील तेवढ्या बायकाही असाव्यात. एकीने हरकत घेतली की निदान दोघींनी त्याच वेळी तिला दुजोरा द्यावा. खासगीत 'बरं झालं बोललीस' म्हणून भागत नाही. तब्येतीचा किंवा कायद्याचा सल्ला देणारीने तो कुठून कळला हे सांगावं, आणि आशाताई किंवा आपल्या सल्ला केंद्राकडून खात्री करून घ्यावी.

अश्लील मजकूर, पाठलाग, धमकी असेल तर तो पुसू नका. मजकुराचं चित्र, नंबर, तारीख आणि वेळ जपून ठेवा. भारतीय न्याय संहितेची कलमं ७५, ७८ आणि ७९ आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६७ अशा वेळी उपयोगी पडतात. केंद्र सरकारच्या सायबर गुन्हे पोर्टलवर बायकांविषयीच्या अशा तक्रारी नाव न देताही करता येतात. मात्र मजकूर टाकणाऱ्याऐवजी केवळ अॅडमिनवर विसंबू नका. गोंदियाच्या एका बाईच्या तक्रारीत मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १ मार्च २०२१ला सांगितलं, की समान हेतू किंवा पूर्वनियोजन नसेल तर दुसऱ्याच्या मजकुराबद्दल अॅडमिनला गुन्हेगार धरता येत नाही. कायदा इथे थांबतो. म्हणजे ग्रुपची रीत घालून देणं हे काम आपल्यालाच करावं लागणार आहे.

आणि एक सगळ्यात महत्त्वाचं. ग्रुपवर काही वाईट घडलं की घरोघरी पहिला उपाय सुचतो तो मुलीचा मोबाईल काढून घेण्याचा. त्या मोबाईलवर तिचा अभ्यास असतो, नोकरीचा निरोप असतो, रात्री अकराला उत्तर देणारी मैत्रीण असते. त्रास देणाऱ्याचा मोबाईल त्याच्याकडे राहतो आणि जिला त्रास झाला तिचा जातो, हा न्याय आपल्या घरात तरी चालू देऊ नका.

तुमच्या गावाच्या ग्रुपवर काय चालतं, कुठे तुम्ही बोललात, कुणी साथ दिली, हे आम्हाला जरूर कळवा. पुढच्या अंकात ती पत्रं नावं न देता छापू. ज्यांना लिहिणं जमत नाही त्यांनी शेजारच्या मुलीकडून लिहून घ्यावं.